कोबीचा रविवार

रिम्मा युगाईचा उजवा अंगठा सकाळपासून चुरचुरत होता. पण सोमवारी सकाळी साडेनऊला नगरपालिकेच्या काचेच्या इमारतीतून बोलावणं आलं, की माणूस अंगठ्याकडे बघत बसत नाही. तिने हातमोजा चढवला, शाल कानांवरून घट्ट ओढली आणि बस पकडली.

सारिओझेन शहर स्मार्ट झालं त्याला दीड वर्ष होत आलं होतं. स्मार्ट म्हणजे काय, तर बसथांब्यांना काचा लागल्या, रस्त्यावरचे दिवे माणूस आला की उजळायला लागले (कुत्रं आलं तरी उजळतात, पण ते असो), आणि गटाराच्या दोनशे बारा चेंबरांमध्ये एकेक सेन्सर बसला. दिव्यांखाली उभं राहून लोकांनी फोटो काढले. गटारातल्या सेन्सरसोबत कोण फोटो काढणार? पण खोटं कशाला बोला, रिम्माला आवडले होते ते सेन्सरच. गावाबाहेरच्या सांडपाणी केंद्रात ती एकतीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होती. शहर काय काय सोडतं ते तिला कळायचं, पण कुठून सोडतं ते कधी कळत नव्हतं. आता कळणार होतं.

कंट्रोल रूममध्ये आल्दियार नावाचा इंजिनियर बसायचा. अठ्ठावीस वर्षांचा, हुशार, आणि इतका अदबशीर की कधीकधी वैताग यावा. त्याने आधी खुर्ची दिली, मग चहा दिला, आणि मगच भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"आपाय, हे बघा. चेंबर एक्केचाळीस. काल सकाळचं."

आपाय म्हणजे मोठी बाई, बाईसाहेब, सगळं एकातच. रिम्माने चष्मा लावला. स्क्रीनवर एक हिरवी रेष शहाण्यासारखी आडवी चालली होती, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी ती लाल होऊन सरळ वर गेली होती. नऊपर्यंत ती वरच होती.

"मीठ," आल्दियार म्हणाला. "थोडंथोडकं नाही. रोजच्या चाळीस पट."

"जुन्या वसाहतीची लाइन आहे ही."

"हो. आणि त्या लाइनवर मीठ वापरणारा नोंदणीकृत धंदा एकच. सिस्टीमने नाव आपोआप काढलंय." त्याने खाली बघितलं. "तोक्तार बेयसेनोव यांचा कातडी कारखाना. दुपारी तीनला सील करायचा हुकूम झालाय. ड्रेनेजचं कनेक्शन सिमेंट घालून बंद करणार."

रिम्माने चहाचा कप बाजूला सरकवला.

तोक्तारला ती गेली वीस वर्षं तोके म्हणत होती. मेंढीची कातडी कमावून तो त्यांचे कोट आणि खोगिरांची अस्तरं करायचा. हाताखाली अकरा बायका होत्या. त्यातल्या निम्म्या नवरा गेलेल्या, निम्म्या नवरा असून नसल्यासारख्या. ड्रेनेज बंद म्हणजे कारखाना बंद, आणि ऐन नोव्हेंबरात, कोटांच्या दिवसांत बंद, म्हणजे कायमचाच बंद. आणि तोकेच्या परवान्यावर 'मिठाचं पाणी गटारात सोडत नाही, उन्हात आटवतो' असं लिहून खाली सही कुणी केली होती? रिम्मा युगाई यांनी.

"तू त्यांना विचारलंस का?" तिने विचारलं.

"विचारून काय करणार, आपाय? नाही म्हणतील. सगळेच नाही म्हणतात." मग जरा ओशाळून म्हणाला, "तुमची सही आहे म्हणून तुम्हाला आधी कळवलं. तीनपर्यंत तुम्ही काही दाखवू शकलात, तर मी वर बोलतो."

तोकेच्या अंगणात नेहमीचा ओल्या लोकरीचा वास होता. तो दारातच भेटला, टोपी मागे सरकवलेली, डोळे तांबारलेले.

"ये, ये. भाचीच्या लग्नातून आज पहाटे आलो. दोन दिवस नाचून गुडघ्यांची वाट लागली. लग्नातले तळलेले बाउर्साक आणलेत, खाणार?"

रिम्माने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तोकेचा हसरा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"काल सकाळी? अगं, काल सकाळी इथे होतं कोण? सगळ्या बायांना घेऊन गेलो होतो मी लग्नाला. कारखान्याला कुलूप होतं."

"माहीत आहे, तोके. मी फक्त बघते."

तिने बघितलं. मिठाचं पाणी आटवायचे पसरट हौद मागच्या अंगणात होते, तळाशी पांढरी साय धरलेली. सगळं जागच्या जागी. पण भिंतीकडचं एक पिंप रिकामं होतं आणि त्याच्याखालची फरशी ओली होती. गटाराची जाळी तिथून दोन हातांवर.

"हे?" ती म्हणाली.

"हे काय?"

"हे पिंप भरलेलं असतं."

तोके पिंपाकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. "गळतंय ते. शुक्रवारीच दुसऱ्यात ओतलं, ते बघ, त्या निळ्यात. फरशी धुतली आज सकाळी." त्याने टोपी काढली आणि हातात धरली. "म्हणजे तुलाही तसंच वाटतंय तर."

"मला काही वाटत नाही. मी विचारतेय."

"विचार की. सही तुझी आहे, तुला विचारायचा हक्क आहे." एवढं म्हणून तो आत गेला, आणि बाउर्साकाचं नाव पुन्हा काही त्याने काढलं नाही.

परत जाताना बसमध्ये रिम्माला स्वतःची लाज वाटत होती आणि तरी शंका जात नव्हती. निळ्या पिंपात तिने डोकावून का नाही बघितलं? आणि बघितलं असतं, तर तोकेच्या डोळ्याला डोळा देऊ शकली असती का? यंत्र म्हणतं मीठ आलं. यंत्र खोटं कशाला बोलेल, त्याला कुठे भाचीच्या लग्नाला जायचं असतं. गेल्या दीड वर्षात ते सेन्सर एकदाही चुकले नव्हते. आणि माणसं? माणसं तर रोज चुकतात. वीस वर्षं ओळखत असलेल्या माणसापेक्षा तिने दीड वर्षाच्या यंत्रावर विश्वास टाकला होता, तोही त्याच्या तोंडावर. हे तिला फार लागलं.

प्रयोगशाळेत येऊन तिने तेच केलं, जे ती काही सुचेनासं झालं की करायची. सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीतल्या गाळाचा एक थेंब काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

घाण पाणी साफ करतं कोण? लोकांना वाटतं पंप आणि पाइप. ते काम त्या गाळातले जीव करतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यातले काही देठावर उलट्या लटकवलेल्या घंटेसारखे दिसतात, आणि तब्येत बरी असली की देठ ताणून मजेत डुलत बसतात. रिम्मा त्यांना 'मंडळी' म्हणायची. मंडळी खूश तर पाणी स्वच्छ, मंडळी रुसली तर नदीला त्रास.

आज मंडळी रुसली होती. देठ आखडून, अंग मुडपून सगळी गोळा होऊन बसली होती.

तिने रजिस्टर ओढलं, तारीख घातली आणि गेली एकतीस वर्षं दर नोव्हेंबरात लिहायची तेच लिहायला घेतलं: 'थंडीमुळे मंडळी…' अर्थात रजिस्टरात ती 'सूक्ष्मजीव' लिहायची. 'थंडीमुळे सूक्ष्मजीव मंदावले. आठ-दहा दिवसांत पूर्ववत होतील.' पेनावर दाब पडला तसा अंगठा पुन्हा चुरचुरला. तिने पेन खाली ठेवलं आणि अंगठा तोंडात घातला.

खारट.

रिम्मा तशीच बसून राहिली, अंगठा तोंडात, साठीला आलेली बाई.

शनिवारी कोबी चिरताना सुरी लागली होती. लांब पानांचा, चिमचीचा, म्हणजे मिरची लावून मुरवायच्या लोणच्याचा कोबी. कोरियन माणसाच्या घरात हिवाळा त्याच्याशिवाय जात नाही. कापलेला अंगठा घेऊनच तिने अख्खी रात्र मुरायला ठेवायचा कोबी मिठाच्या पाण्यात दाबून बसवला होता. आणि काल, रविवारी, सकाळी आठला कोबी बाहेर काढला, धुतला, आणि ते दोन टब पाणी ओतलं होतं. कुठे? मोरीत. आणखी कुठे ओतणार? आणि तिची मोरी जुन्या वसाहतीतलीच, त्याच लाइनवरची.

ती उठली आणि कपाटातली जुनी रजिस्टरं खाली काढायला लागली. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर: थंडीमुळे मंदावले. त्याच्या आदल्या वर्षीचा: थंडीमुळे. पाच वर्षांमागे नोव्हेंबरात इतकं ऊन होतं की लोक शर्टावर फिरत होते, तरीही तिच्याच सुवाच्य अक्षरात, थंडीमुळे. आणि जानेवारीत, टाकीच्या कठड्यावर बर्फाचे सुळके लोंबत असताना? जानेवारीत मंडळी मजेत डुलत होती. एकोणतीस वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, तीसचा, एकतीसचा. तारखा बघितल्या तर दरवेळी सोमवार, एखाद दुसरा मंगळवार.

तोकेचा कारखाना सुरू होऊन झाली होती बारा वर्षं.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते तिला त्या खुर्चीत कळलं. तोके खोटं बोलला नव्हता. आधी एवढंच मनात आलं, आणि तिला रडूच आलं. मग दुसरी गोष्ट मनात आली आणि रडता रडता तिने कपाळाला हात लावला. एकतीस वर्षं नोव्हेंबरात सकाळी स्वतःच्या हाताने मीठ ओतायचं, दुसऱ्या दिवशी येऊन मंडळींची तब्येत तपासायची आणि दोष थंडीला द्यायचा. अशी तज्ज्ञ शोधून सापडायची नाही.

तिने क्लाराआजीला फोन लावला. जुन्या वसाहतीत कोबीचा ट्रक कधी येणार, कुणाच्या घरी किती उतरणार, मीठ कधी लावायचं आणि धुवायचं कधी, हे सगळं शहाऐंशी वर्षांची क्लाराआजी ठरवायची. तिच्यापुढे महापौराचं काही चाललं नसतं.

"आजी, यंदा कोबी किती घरांत उतरला?"

"का? तुला कमी पडला? तरी सांगत होते, वीस गड्डे घे म्हणून."

"पुरला हो. घरं किती, ते सांगा."

"एकशे सत्तर. पाक लोकांच्या सुनेने यंदा नको म्हटलं, बाजारातून विकत आणणार म्हणे. बाजारातून! तिचं नाव काढू नकोस माझ्यापुढे."

"आणि सगळ्यांनी काल आठलाच धुतला?"

"आठला नाही तर कधी? नऊला मिरची वाटायला सगळ्या एकमेकींकडे जातात, मग मागून का कुणी धुवत बसणार? माझ्या आईच्या वेळेपासून आठ आहेत. तू पण आठलाच धुतलास ना?"

"आठला," रिम्मा म्हणाली. "अगदी आठच्या ठोक्याला."

रजिस्टरांचा गठ्ठा कवेत, पुन्हा बस, पुन्हा ती काचेची इमारत. जिन्यात मात्र ती थांबली. एक वाजून गेला होता. रजिस्टरं नुसती पुढे टाकून म्हणता आलं असतं, हे बघा, हे तोकेच्याही आधीपासूनचं आहे. पण मग आल्दियार विचारणार, मीठ मग कुणाचं? नाव मिळाल्याशिवाय यंत्र तोकेला सोडणार नाही. आणि नाव दिलं, तर उद्या एकशे सत्तर दारांवर नोटिसा चिकटल्या तर? तीन पिढ्यांपूर्वी वसाहतीतल्या ह्या कोरियन लोकांना सरकारची एकदा नोटीस मिळाली होती, आणि त्यानंतर ते आगगाडीच्या डब्यांत भरून ह्या माळावर आणून सोडले गेले होते. क्लाराआजी तेव्हा जन्मलीही नव्हती, तरी दारावर कागद दिसला की ती अजून आधी दार आतून लावून घ्यायची.

 मग तिला ती टोपी आठवली, तोकेने काढून हातात धरलेली. ती वर गेली.

"आल्दियार," ती म्हणाली, "मीठ मी ओतलं."

आल्दियारने चहाचा कप हळूच खाली ठेवला. "काय म्हणालात, आपाय?"

"मी आणि माझ्या वसाहतीने. एकशे सत्तर घरं, घरटी दोन टब, काल सकाळी आठ वाजता. कोबीचं पाणी. चिमचीचा. लिहून घे, मी सही करते. माझी सही इथे सगळ्यांच्या ओळखीची आहेच."

आणि तिने रजिस्टरं टेबलावर एकावर एक रचली आणि नोव्हेंबरची पानं उघडून दाखवायला लागली. आल्दियार आधी बसून वाचत होता, मग उभा राहून वाचायला लागला. मग त्याने स्क्रीनवर काहीतरी ठोकलं, गेल्या वर्षीचा नोव्हेंबर काढला. तेव्हा सेन्सर बसले होते, पण धोक्याची घंटा जोडलेली नव्हती. रविवार. आठ वाजून आठ मिनिटं. तीच रेष, तशीच शिंगासारखी वर गेलेली.

"घरटी चाळीस लिटर," तो पुटपुटला, "म्हणजे जवळजवळ सात हजार लिटर. एका तासात." बोटांनी टेबल वाजवत तो स्क्रीनकडे बघत राहिला. "बसतंय. आपाय, अगदी तंतोतंत बसतंय."

रिम्मा वाट बघत होती. आता हा नियम काढणार, कलम काढणार.

"काल संध्याकाळी," आल्दियार खालच्या आवाजात म्हणाला, "माझ्या बायकोने शेजारच्या ल्युबाताईंकडून ताजी चिमची आणली. मी दोन ताटल्या खाल्ल्या. आणि खाताखाता मोबाइलवर हाच अलार्म बघत होतो. बायकोला म्हणालोसुद्धा, बघ कसे लोक असतात, मीठ सोडतात नदीत." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले, तेव्हा कुठे रिम्माला कळलं की हा हसतोय.

मग तीही हसली. इतकी की चष्मा काढून पुसावा लागला.

"नोटिसा?" तिने विचारलं.

"कशाच्या? हा धंदा नाही, घरातला स्वयंपाक आहे. स्वयंपाकाला कलम नाही." त्याने फोन उचलला. "फक्त पुढच्या वर्षी आठचं काहीतरी करावं लागेल. तीन दिवसांत वाटून ओतलंत तर मंडळींना कळणारही नाही."

"मंडळी तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या रजिस्टरात चौदा साली चुकून लिहिलंय तुम्ही," आल्दियार म्हणाला, आणि तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला. दोन वाजून वीस मिनिटांनी हुकूम मागे घेतल्याचा कागद छापून आला. रिम्माने तो घडी न घालता हातात धरला आणि रस्त्याला लागली.

तोके अंगणात पिंपांच्या ओळीत उभा होता. अकरा बायका भिंतीशी बसल्या होत्या, कुणी शिवत नव्हतं. कागद वाचून झाल्यावर तोकेने तो त्यांच्यातल्या सगळ्यात थोरलीकडे दिला. तिने वाचला, कपाळाला लावला आणि शेजारणीकडे दिला. मग कुणीतरी 'चला गं' म्हणालं आणि आतल्या शिलाई मशिनी एकेक करून खडखडायला लागल्या.

"तोके," रिम्मा म्हणाली, "सकाळी मी तुझ्यावर शंका घेतली. खोटं नाही सांगणार. घेतली."

"कळलं होतं मला."

"माफ कर."

 तोकेने डोकं खाजवलं. "तू गेल्यावर मी निळं पिंप उघडून बघितलं," तो म्हणाला. "माझं मलाच वाटलं, लग्नाच्या गडबडीत कुणी ओतलं तर नसेल. स्वतःवरच विश्वास राहिला नव्हता, तुझ्यावर काय रागावू? चल आत. बाउर्साक दगड व्हायला आलेत."

चहाच्या दुसऱ्या वाटीला त्याने एकदम विचारलं, "ते पाणी, त्यात मीठ आणि कोबी, एवढंच ना? मिरची नाही?"

"मिरची नंतर."

"आणि राहिलं तर आंबतं?"

"दोन दिवसांत."

तोके स्वतःशीच हसायला लागला. "आमचा आजोबा कातडी आंबट ताकात आणि मिठातच मुरवायचा. मी इथे पोती पोती मीठ विकत आणतो, आणि तुम्ही लोक ते मोरीत ओतता. अगं, अकला कुठे गेल्या होत्या आपल्या, इतकी वर्षं?"

पुढच्या नोव्हेंबरात, कोबीच्या रविवारी, सकाळी साडेआठला रिम्माचा फोन वाजला. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"आपाय, सेन्सर बिघडलाय बहुतेक," आल्दियार काळजीने म्हणाला. "एक्केचाळीसची रेष हलत नाहीये. आज कोबी नाही का?"

रिम्माने खिडकीतून बघितलं. गल्लीच्या तोंडाशी तोकेचा ट्रक उभा होता, त्यावर निळी पिंपं. बायका टब घेऊन रांगेत होत्या, आणि क्लाराआजी खुर्ची टाकून बसली होती. तोकेला ती दटावत होती, की एक थेंब जरी सांडलास तर बघ.

"आहे ना," रिम्मा म्हणाली. "काही बिघडलेलं नाही. संध्याकाळी डबा घेऊन ये, चिमची देते." आणि तिने फोन ठेवला, तिचे दोन टब उचलले आणि रांगेत जाऊन उभी राहिली.